पक्याच्या जर्सीतली कसर

माझं शेवटचं पोस्टिंग नायगावला झालं. ऑर्डर बायकोने काढली. नायब सुभेदार म्हणून पेन्शनीवर घरी आलो, चाळीचे दोन जिने चढलो, किटबॅग दारात ठेवली, आणि शोभा आतूनच म्हणाली, "ती बॅग आत आणू नका. गॅलरीत उन्हात ठेवा. बराकीतले ढेकूण आणले असतील."

मी म्हटलं, "अगं, मी हेल्थ असिस्टंट होतो. माझ्या बॅगेत ढेकूण?"

"म्हणूनच. दिवसभर त्यांच्यातच असायचात ना?"

बॅग गॅलरीत ठेवली. संध्याकाळी झटकली. दोन निघाले. घरातली माझी रँक त्या दिवशी ठरली, ती अजून बदललेली नाही.

माजी सैनिक म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. लढाई बघितली का, विचारतात. बघितली. रोज बघितली. फौजेच्या मेडिकल खात्यात हेल्थ असिस्टंट नावाचा ट्रेड असतो, तो माझा. डास, ढेकूण, माश्या, उंदीर, झुरळं. पहाटे फॉल इन, मग पाठीवर फवाऱ्याचा पंप घेऊन गटारं, टाक्या, लंगरखाना, बराकी. हातात लांब दांड्याची पळी. साचलेलं पाणी पळीने उचलायचं, उजेडात धरायचं, वळवळणाऱ्या अळ्या मोजायच्या, रिपोर्ट द्यायचा. बाकीची युनिटं आम्हाला 'मच्छर पलटण' म्हणायची. आमच्या पाठीमागे म्हणायची असं लिहिणार होतो, पण तोंडावरच म्हणायची.

पराक्रम एकच सांगतो. एका छावणीत कमांडिंग ऑफिसर साहेबांच्या बागेत संध्याकाळी पार्टी होती. डास नकोत म्हणून आदेश आला, फॉगिंग करा. मी मशीन चालू केली. वारा कुठून आहे ते बघायचं असतं. मी बघितलं नाही. धूर डासांना ओलांडून थेट पुलावावर गेला. धुरातून एका बाईसाहेबांचा आवाज आला, "हू इज दॅट मॅन?" आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नाईकाने सावधान होऊन खणखणीत उत्तर दिलं, "चंद्रकांत, मॅडम! माझ्याच चाळीतला!"

तो नाईक म्हणजे प्रकाश. आमचा पक्या.

पक्या आणि मी एकाच मजल्यावरचे. मधे दोन खोल्या. भरतीला एकत्र गेलो, ट्रेड एकच मिळाला, आणि पुढे ईशान्येकडच्या डोंगरपायथ्याच्या एका छावणीत पोस्टिंगही एकत्र मिळालं. तिथला मलेरिया वाईट. डोक्यात चढणारा. एका हिवाळ्याच्या सुरुवातीला पक्याला ताप आला. सकाळी रोल कॉलला उभा होता, दुपारी हॉस्पिटलात, तिसऱ्या दिवशी गेला. मच्छर पलटणीतला माणूस मच्छराने गेला. याच्यापुढे त्या तीन दिवसांबद्दल मी कधी काही सांगत नाही. इथेही सांगणार नाही.

त्याची आई, द्वारकामावशी, अजून त्याच खोलीत राहते. राहत होती असं लिहायला हवं, कारण आता आम्ही सगळेच समोरच्या टॉवरमध्ये गेलोय. पण ही गोष्ट त्या स्थलांतराच्या आधीची. गेल्या ऑक्टोबरमधली.

चाळीच्या बदल्यात मिळणारा टॉवर तयार झाला. चाव्या मिळायच्या होत्या. मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की जुन्या चाळीतलं काहीही न्या, पण ढेकूण नेऊ नका. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेत, त्यांनी इथेच राहावं. मोहिमेचा कमांडर कोण, यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छाती पुढे काढली. शोभाने कपाळावर हात मारला.

मी गॅलरीत ब्रीफिंग घेतलं. शत्रू ओळखा. गादीच्या शिवणीत काळे बारीक ठिपके, जणू कुणी पेनाने टिंबं दिलीत, तिथे ढेकूण. ओट्याखाली फिकट तपकिरी, पाठीवर दोन गडद पट्टे असलेलं छोटं झुरळ, त्याला मोरीतल्या मोठ्या झुरळाचं पिल्लू समजू नका, ती वेगळी जात आहे आणि जास्त चिवट आहे. त्याला बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या, फक्त पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर वाळवी. नुसती नळी पुसू नका, ती कुठून येते ते शोधा. उंदराला पिंजरा, पिंजऱ्यात सुका बोंबील. विष नको, कारण विष खाल्लेला उंदीर नेमका कपाटामागे जाऊन मरतो.

भाषण उत्तम झालं. कारवाई माझ्या घरापासून सुरू केली. आणि इथे या क्षेत्रातला इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी टाळायला शिकवली जाणारी चूक केली. ढेकणांवर एकाच खोलीत फवारा मारायचा नसतो. मरतात थोडे, बाकीचे भिंतीतल्या फटींमधून शेजारी जातात. सगळ्या खोल्या एकाच वेळी घ्यायच्या, लाकडाच्या सांध्यांत किटलीच्या तोटीने कढत पाणी सोडायचं, गाद्या कडक उन्हात टाकायच्या, आणि मग फवारा. मी घाईत उलट केलं. घर साफ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे मोरेकाका गॅलरीत पाठ खाजवत उभे.

"चंदू, तुझे पाहुणे आमच्याकडे आलेत."

"काका, ते तुमचेच असतील."

"आमचे मी ओळखतो. हे फौजी आहेत. रांगेत चालतात."

मग सगळा मजला एकदम घेतला. सगळ्यांच्या खाटा गॅलरीत, गाद्या गच्चीवर, प्रत्येक शेगडीवर पाण्याचं पातेलं. बायका साड्या खोचून, पुरुष हातात किटल्या घेऊन. मोरेकाका तोटी सांध्याला लावून 'फायर' म्हणायचे आणि मग पाणी सोडायचे. असा गोंगाट त्या चाळीत परत होणार नाही, हे तेव्हाच सगळ्यांना कळत होतं. 

द्वारकामावशीची खाट झाली, गादी झाली. राहिली काळी पेटी.

पत्र्याची पेटी. झाकणावर पांढऱ्या रंगात पक्याचा नंबर, रँक, नाव. तो गेल्यावर युनिटने त्याचं सामान याच पेटीत घालून पाठवलं होतं. मावशी वर्षातून एकदा ती उघडते, तो भरतीला निघाला त्या दिवशी. आतली हिरवी लोकरी जर्सी काढते, तोंडाजवळ धरते, परत ठेवते. जर्सी कधी धुतलेली नाही. कारण त्यात त्याचा वास आहे. हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं आणि त्यावर कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

"मावशी, पेटी बघू का?"

 तिने पदराला बांधलेली किल्ली काढून दिली.

जर्सीची घडी होती तशीच हातावर घेतली. वरच्या पदराला, पोटाच्या जागी, डाळीएवढी भोकं. घडीच्या कडेला रेशमासारखी पांढरी बारीक नळी, तिच्यात तांदळाएवढी अळी. कोपऱ्यातून फिकट सोनेरी, इवलंसं पाखरू उडालं आणि उजेड टाळून पेटीमागे गेलं. कसर. आपल्याकडे पुस्तकं खाणाऱ्या चंदेरी किड्यालाही कसर म्हणतात आणि लोकर खाणाऱ्या या अळीलाही. पण चंदेरी किड्याला खळ आणि कागद लागतो, हिला लोकर लागते. ही घडीतल्या घडीत घर करते आणि पेटी बंद असेल तितकी तिची चैन.

मावशीने भोकांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. कमांडिंग ऑफिसरही असं बघायचे नाहीत.

"वाचव."

"हो मावशी. आधी गरम पाण्यात..."

"धुवायची नाही."

"बरं. मग दोन दिवस कडक उन्हात..."

"ऊन नाही. उन्हात वास उडतो."

"मग डांबराच्या गोळ्या घालून..."

"चंदू, तुला नाक आहे का रे? डांबराच्या गोळ्या घातल्यावर त्याचा वास राहील का?"

दारात उभी असलेली शोभा म्हणाली, "मावशी, यांना थोडा वेळ द्या. हे फवारा मारल्याशिवाय विचार करू शकत नाहीत."

मावशीने जर्सी पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "माझ्याकडं त्याचं एवढंच आहे. बाकी लोकांनी सांगितलेलं."

लोकांनी काय सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. फौजेत मलेरिया हा नुसता आजार नसतो, शिस्तीचा प्रश्न असतो. बाह्या खाली होत्या का, जाळी लावली होती का, गोळी घेतली होती का, हे विचारलं जातं. पक्याच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, पलीकडच्या चाळीतले एक जुने पेन्शनर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मलेरियाने गेला म्हणजे पोराने काळजी घेतली नसणार. फौजेत याला हलगर्जीपणा म्हणतात." मावशी तीन हातांवर बसली होती. लहानपणी पक्याच्या अंगावर चादर टिकायची नाही, रात्रीतून चार वेळा घालावी लागायची, हे तिला आठवलं असणार.

त्यानंतर मी दर सुट्टीला आलो की ती एकदा विचारायची, "चंदू, त्यानं खरंच काळजी घेतली नव्हती का रे?" मी सांगायचो, "घेतली होती, मावशी. नियमाने राहायचा." ती मान हलवायची. "तू दोस्त आहेस. तू तेच सांगणार." मग चहा टाकायची.

तर, न धुता, न तापवता, वासाला धक्का न लावता कसर मारायची. उपाय एकच उरतो. थंडी. कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, हवा काढायची, तोंड घट्ट बंद करायचं आणि दोन आठवडे तरी कडक गोठवायचा. अळ्या मरतात, अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. बाहेरच्या हवेइतकी झाली की मगच, नाहीतर कपड्यावर दव धरतं.

आमच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा डब्याएवढा. त्यात शोभाचे मटार. मावशीकडे फ्रिज नाही. डीप फ्रीझर हवा होता. ओळखीत डीप फ्रीझर एकाच बाईकडे होता. परळच्या बाजारातली हिराबाई, मासळीचं दुकान.

हिराबाईने पूर्ण ऐकून घेतलं. सुरमई कापत होती, कोयता हातातच राहिला.

"चंदूभाऊ, माझ्या फ्रीझरमध्ये स्वेटर ठेवू?"

"जर्सी. फौजी आहे."

"फौजी असू दे नायतर पोलिस. माशाचा वास लागंल ना."

"नाही लागणार. आत दोन जाड पिशव्या, हवाबंद. वर तिसरी."

तिने हात धुतला. पक्याला ती ओळखायची. तिच्याच दुकानातून रविवारी तो बोंबील न्यायचा. "ठेव," म्हणाली. "खालच्या कोपऱ्यात. वरचा माल रोज हालतो."

आता माझं डोकं बघा. पिशवी पारदर्शक होती. मला वाटलं, गिऱ्हाईक येणार, फ्रीझर उघडणार, माशांमध्ये कुणाचा तरी कपडा दिसणार, हिराबाईचं नाव खराब होणार. लपवायला हवं. फौजेत कॅमोफ्लाज शिकवतात. जिथे आहोत तिथलं रूप घ्यायचं. म्हणून वरची तिसरी पिशवी मी हिराबाईकडचीच घेतली, काळी, जिच्यात ती मोठ्या ऑर्डरचा माल भरते. गाठही तिच्यासारखीच मारली. वर काही लिहिलं नाही. लिहिलं तर कॅमोफ्लाज कसलं? काम इतकं चोख झालं की फ्रीझर बंद करताना मलाच कळेना, माझी पिशवी कुठली.

मी मावशीला रिपोर्ट दिला. ती रोज विचारायची, "थंडी वाजत असंल ना त्याला?" पहिल्यांदा मी हसलो. मग हसलो नाही.

मुदत संपली त्या दिवशी सकाळी परळला गेलो. खालचा कोपरा रिकामा.

"हिराबाई, माझी पिशवी?"

तिने वाकून बघितलं. आणखी वाकून बघितलं. मग सरळ झाली आणि हळूच म्हणाली, "सकाळी घाईची ऑर्डर होती. वरचा माल संपला. भावाला म्हटलं, खालच्या कोपऱ्यातली सुरमई टाक टेम्पोत."

"कुठे गेली?"

"लालबागला. खानावळ."

एवढी वर्षं फौजेत काढली, माझ्यावर कुणी गोळी झाडली नाही. तो धक्का कसा असतो ते मला परळच्या मासळी बाजारात कळलं. मी पळालो. वय साठीच्या पुढचं, पायात चपला. टॅक्सी हाताला लागेना. हिराबाई फोनवर मागून दिशा देत होती.

"कुठं पोचलास?"

"उड्डाणपुलाखाली."

"डावीकडं वळ. मसाल्याची गल्ली आली?"

"मिरचीचा वास येतोय."

"त्याच गल्लीत पुढं, हिरवं दार. मी त्यांना फोन लावतेय, कुणी उचलत नाय. दुपारच्या सैपाकाची घाई हाय."

"लावत राहा. पिशवी उघडू नका म्हणावं. रिपीट, उघडू नका."

"चंदूभाऊ, मला रिपीट नको बोलूस. धाव."

शोभाला फोन करायचं धाडस झालं नाही. मावशीला काय सांगायचं, हे शब्द मी धावताना जुळवत होतो आणि ते जुळत नव्हते. एकदा असंही मनात आलं की दुकानातून नवी फौजी जर्सी घेऊ, मातीत लोळवू. लगेच दुसरा विचार आला, त्याचा वास कुठून आणणार.

हिरवं दार सापडलं. आत वाफ, कढईचा आवाज, ओल्या खोबऱ्याचा वास. मालवणी आचारी, पिकलेल्या मिशा, कमरेला पंचा. मोरीच्या कठड्यावर काळी पिशवी फाडलेली. आतली एक पिशवीही कापलेली. सगळ्यात आतल्या पिशवीला सुरीने बोटभर चीर पडली होती आणि आचारी ती नाकाजवळ धरून उभा होता.

"मामा, थांबा!"

त्याने मान वर केली. "तुमची ही?"

"माझी. म्हणजे, माझ्या मित्राची. पाणी लावलं?"

"नाय. पाणी लावायच्या आधी मी वास घेतंय. मासो ताजो आसा की नाय, ता नाकान कळता." त्याने पिशवी परत हुंगली आणि भुवया उचलल्या. "हो मासो नाय. ह्येका माणसाचो वास येता."

मी तिथेच पाटावर बसलो. धाप लागली म्हणून बसलो, असं सगळ्यांना सांगतो.

"येतो ना?" मी विचारलं.

"येता म्हणजे! घामाचो. कोणाचो आसा?"

"नाईक प्रकाशचा."

"खंय आसा तो?"

 आचाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग पिशवीतल्या हिरव्या लोकरीकडे.  एक कोरी पिशवी आणली, चिरेवर बोट ठेवून सगळं त्यात घातलं, तोंड तीनदा पिळून गाठ मारली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. बाहेर पडताना मागून म्हणाला, "आणि माझी सुरमई?"

हिराबाईचा फोन लागला होता. तिला म्हटलं, "माल मिळाला. दुसरी सुरमई पाठव."

घरी आलो. शोभाने माझा घाम, चपलेचा तुटलेला अंगठा आणि पिशवी बघितली. तिला सगळं सांगावं लागलं. तिने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मावशीला खानावळीचं सांगू नका. निदान आज तरी नको."

पिशवी बंद ठेवून मावशीच्या खाटेवर ठेवली. ती खाली भिंतीला टेकून बसली. कुकरवर झाकण आहे आणि शिट्टी व्हायची आहे, तसं आम्ही तिघं पिशवीकडे बघत बसलो. दुपार कलली. मी हात लावून बघितला. पिशवी बाहेरच्या हवेइतकी झाली होती.

"मावशी, उघडा."

गाठ तिनेच सोडली. जर्सी वर काढली, तोंडाजवळ नेली. बराच वेळ तशीच होती. मग जर्सीच्या आडूनच म्हणाली, "आहे." आणि थोड्या वेळाने, "जरा मिरचीचा लागलाय. लालबागचा."

शोभाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

काम अजून बाकी होतं. मेलेल्या अळ्या, नळ्या, भुसा मऊ ब्रशने काढायचा असतो, नाहीतर तो पुढच्यांना आमंत्रण देतो. त्यासाठी जर्सी पूर्ण उघडून पसरावी लागते. मावशीने आजवर घडी कुणाला मोडू दिली नव्हती. आज तिनेच चादर अंथरली आणि जर्सी पसरली. बाह्या दोन्ही बाजूंना. पक्या आडवा पडल्यासारखा.

पोटाची चाळणी झाली होती. पाठही तशीच. एका काखेखाली मूठभर लोकर गायब. मी ब्रश घेऊन वर सरकलो आणि गळ्याशी थांबलो.

गळा अखंड होता. एक भोक नाही. मी बाह्यांची टोकं बघितली. मनगटाच्या पट्ट्या नव्यासारख्या. मी परत गळा बघितला. चष्मा काढून बघितला, पुसून बघितला.

"काय रे?" मावशीने विचारलं.

"उलटं झालंय, मावशी."

"काय उलटं?"

मी तिला समजावलं. या अळीला नुसती लोकर आवडत नाही, घाम मुरलेली लोकर जास्त आवडते. शेकडो जर्सी, कोट, ब्लँकेटं मी तपासलीत. ती आधी गळा खाते. मग मनगटं. माणसाचं अंग जिथे घासतं तिथून सुरू करते. पोट, पाठ शेवटी. इथे तिने पोट खाल्लं, पाठ खाल्ली, आणि गळ्याला, मनगटाला तोंड लावलं नाही.

"का नाही लावलं?"

हे सांगताना मला सैनिकी आवाज काढावा लागला. साधा निघेना. सूर्य मावळायच्या आधी परेड व्हायची. बाह्या खाली, बटणं बंद, आणि प्रत्येकाच्या हातावर डास पळवायचं तेल. सरकारी, कडवट वासाचं. मान, कानांमागे, मनगटं. जर्सी घातली असेल तर गळ्याच्या आणि मनगटाच्या पट्टीलाही चोळायचं, कारण डास तिथूनच आत शिरतो. ते तेल लोकरीत मुरतं. किड्याला ते सोसत नाही. डासाला नाही आणि कसरीलाही नाही.

"तेल इतकी वर्षं राहतं का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, मावशी. मी शास्त्रज्ञ नाही. नियमात असं कुठे लिहिलेलं पण नाही. माझा अंदाज..."

"तू नको बोलू."



तिने गळ्याच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि पूर्ण गोल फिरवलं. मग एक मनगट. मग दुसरं. तिची बोटं सांध्यांना सुजलेली आहेत, सुई ओवता येत नाही तिला आता. पण ती त्या पट्टीवर एकही टाका न चुकवता फिरली.

"म्हणजे त्यानं लावलं होतं."

"लावलं होतं."

"रोज?"

"एका दिवसात इतकं मुरत नाही."

"तू त्याचा दोस्त. तू तेच सांगणार होतास." ती भोकांकडे बघत म्हणाली. "ही काय त्याची दोस्त नव्हती. हिला काय पडलं होतं त्याचं."

शोभा उठून आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. चहाला इतकी भांडी लागत नाहीत.

"मग त्याला कसा रे चावला?"

"अंगावरचं तेल घामाबरोबर उतरतं, मावशी. हजार डास फिरत असतात. एक पुरतो."

तिने ते ऐकून घेतलं.  खाली गॅलरीतून कुणाची तरी खाट जिन्यावरून उतरवत होते, "सावकाश, सावकाश" ऐकू येत होतं.

आमच्या जुन्या छावणीत एक भिंत आहे. तिच्यावर युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. पक्याचं नाव तिथे नाही, कारण ताप हे युद्ध धरत नाहीत. माझी त्याबद्दल तक्रार नाही, नियम तो नियम. पण दर हिवाळ्याच्या सुरुवातीला, सूर्य खाली जायच्या सुमारास, मी जिथे असेन तिथे शर्टाच्या बाह्या खाली करतो आणि बटणं लावतो. मुंबईच्या उकाड्यातसुद्धा. शोभा विचारत नाही. पूर्वी विचारायची.

"हे कानामागं, मानेला," मावशी म्हणाली, "तिथं आपला आपल्याला हात नीट पोचतो का?"

"नाही पोचत. जोड्या असायच्या. एकमेकांच्या मानेला लावायचं."

"त्याच्या मानेला कोण लावायचं?"

"मी."

"आणि तुझ्या?"

"पक्या."

तिने हात लांब केला. माझ्या मानेच्या मागे, केस संपतात तिथे, सुजलेली बोटं ठेवली.

"नीट लावायचा का?"

"मावशी," मी म्हटलं, "मला एकदाही मलेरिया झाला नाही."